लाल कापडातली वही

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे, आणि माझ्या वयाला न शोभणारा राग मला आला आहे. कदाचित माझंच चुकत असेल. तरी ऐका.

रायपूरच्या पुरानी बस्तीत राहणारे बाबाराव कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत. अकरा वर्षं त्यांनी माझ्यात लिहिलं, तेही फक्त उजव्या पानावर. डावं पान कोरं ठेवायचं, ज्याला पटलं नाही त्याच्यासाठी. देवाची भीती नसली तरी माणूस चांगला का वागतो, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांची विद्यार्थिनी कौमुदी हिने एकदा डावीकडे लिहिलं, "सर, हे साफ चूक आहे." सर इतके खूश झाले की बायकोला हाक मारून म्हणाले, "अवो कलावती, या पोट्टीनं मले पकडलं! चहा ठेवा!"

शेवटची चाळीस पानं त्यांनी दवाखान्यात लिहिली. ती कुणी वाचायच्या आत ते गेले.

पुढे नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं. आमच्या मराठी मंडळालाही आपला एक थोर विचारवंत हवासा वाटू लागला. कलावतीबाईंनी विश्वासाने मला मंडळाच्या हाती दिलं. त्यांनी मला लाल कापडात गुंडाळून काचेच्या पेटीत ठेवलं. दर पुण्यतिथीला पेटीबाहेर काढून हळद, कुंकू, आरती, वरून पाण्याचा शिडकावा. उघडलं मात्र कुणीच नाही. नव्या मुलांना मराठी वाचता येत नाही, आणि ज्यांना येतं त्यांना भाषणं करायची असतात.

कौमुदी आता स्वतः प्राध्यापिका झाली होती. ती दर वर्षी मागायची, "आठ दिवस द्या, शेवटची पानं उतरवून घेते."

"पवित्र वस्तू आहे, दीदी," अध्यक्ष रामकृष्णजी म्हणत. "बाहेर नाही जाऊ शकत."

एका वर्षी कापड बदलायचं काम तिने मागून घेतलं. मला उघडलं आणि ती थेट शेवटाकडे वळली. शेवटच्या पानांवरची शाई वाहून गेली होती.

"काहून भिजवली हो?" ती ओरडली.

"साधं पाणी नव्हतं, दीदी," रामकृष्णजी गोंधळून म्हणाले. "गंगाजल होतं."

ते माइक तपासायला वळले, तेवढ्यात तिने टेबलावरचं कोरं रजिस्टर लाल कापडात गुंडाळलं आणि मला पिशवीत घातलं. तीन पुण्यतिथ्या झाल्या. मंडळ त्या रजिस्टरची आरती करतं आहे. कुणाला कळलेलं नाही.

चाळीसपैकी नऊ पानं कौमुदीला कशीबशी वाचता आली.

मित्रांनो, तुमच्याही गावात असा कुणी विचार करणारा होऊन गेला असेल. हार घालायच्या आधी त्याचं एक पान वाचा. पटलं नाही तर त्याच्याशी भांडा. पण नुसते हात जोडू नका. बाकीच्या एकतीस पानांत काय होतं, ते आता मलाही सांगता येत नाही.