जाम नदीचे दोन आजोबा

नात प्रणाली पुण्याहून आली काय आणि सावरगावच्या भैय्याजींनी, म्हणजे तिच्या आईच्या वडिलांनी, तिचा ताबा घेतला काय! सौंसरच्या संत्र्याच्या बागा झाल्या, जाम सावळीच्या निजलेल्या हनुमानाचं दर्शन झालं. इकडं पांढुर्ण्यात वडिलांचे वडील भगवंतराव नुसते जळत बसले. उद्या तिची गाडी. शेवटची रात्र तरी तिनं आपल्या घरी काढावी, एवढंच त्यांचं मागणं होतं.

म्हणून संध्याकाळी ते तिला नदीवर घेऊन आले. पलीकडच्या काठावर सावरगाव.

"पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी या पात्रात पळसाचं झाड गाडतेत, पोरी. वर झेंडा. मंग दोन्ही काठांवरून एकमेकायवर गोटे! आपल्या पांढुर्ण्याचा एक पोरगा सावरगावची पोरगी घेऊन..."

"पळत होता आणि दोन्हीकडच्या गोट्यांनी नदीतच दोघं मेले. भैय्याजी आजोबांनी सांगितलं."

"हेबी सांगून टाकलं त्यानं?" भगवंतरावांच्या अंगाची लाही लाही झाली. नदी दोघांची खरी, पण पोरगा तर पांढुर्ण्याचा होता ना!

"तुम्ही खेळलात कधी गोटमार? भैय्याजी आजोबा म्हणाले, ते कधी उतरलेच नाहीत."

भगवंतरावांना वाटलं, देव पावला. "उतरला नाही? बाप्पा! त्याच्या भुवईवर खूण हाये ना, थे माह्या गोट्याची होय! लोकायनं मले खांद्यावर घेऊन नाचवलं होतं."

"ते तर म्हणाले, लहानपणी झाडावरून पडलो."

"खोटं बोलून राहिला थो!"

प्रणाली त्यांच्याकडं वळली.

"म्हणजे तुमचा गोटा खाऊन त्यांनी तुमच्याच घरात मुलगी दिली? आणि आम्हाला कुणाला कळूही दिलं नाही?"

या अंगानं भगवंतरावांनी कधी विचारच केला नव्हता. ते काही बोलायच्या आत ती उठली, कपडे झटकले आणि पुलाकडं वळली.

"आजोबा, आज मी तिकडंच झोपते. सकाळी स्टेशनवर या, हं."

पोरगी भराभरा पूल ओलांडून गेली.

"चांगुलपणातबी लेकाचा पुढंच," ते पुटपुटले, आणि त्यांचे डोळे भरून आले.