दोष मधल्या स्पीकरचा

मी मधला स्पीकर बोलतोय. अड्याळच्या सेवकरामजींच्या बैठकीत टीव्हीखाली बसून मी तीन वर्षं बोललो, पण त्यातला एक शब्दही माझा नव्हता. आज स्वतःचं सांगायला बसलो आहे, तर माझ्या तारा काढून टाकल्या आहेत.

एका खोक्यातून आम्ही सहा जण आलो. समोरचे दोघे, मागचे दोघे, जाडा वूफर आणि मी. वूफर ढोल घुमवतो, बाकीचे गाणी वाजवतात. माणसांचं बोलणं मात्र बहुतेक सगळं माझ्या तोंडून येतं. सेवकरामजींच्या मुलाने, कैलाशने, आम्हाला भंडाऱ्याहून मोटरसायकलला बांधून आणलं, ते खास वडिलांसाठी.

सेवकरामजी धानाचे शेतकरी. पण दिवाळी ते होळी त्यांचा पाय घरात ठरत नसे. झाडीपट्टीच्या नाटकांत ते प्रॉम्प्टर होते. पडद्याआड पुस्तक घेऊन बसायचं आणि नट अडला की हळूच वाक्य पुरवायचं, हे काम त्यांनी तीस वर्षं केलं. ते बायकोला, गोदावरीबाईंना, सांगत, "नटानं श्वास घेतला तरी मले समजते, याले पुढचं आठवते का नाही."

गेल्या हंगामात त्यांनी दोनदा भलतंच वाक्य पुरवलं आणि नायक भर रंगात उभाच राहिला. म्हणून यंदा नाटक मंडळीचे मालक घनश्याम यांनी नव्या नाटकाच्या तालमीचं चित्रण पाठवलं. सोबत निरोप होता: पुस्तकासोबत पक्कं करा, पंधरा दिवसांनी या, मग पाहू.

कैलाशने चित्रण टीव्हीवर लावून दिलं. सेवकरामजी चष्मा घालून, ओळीवर बोट ठेवून बसले. पहिलं पान नीट गेलं. दुसऱ्या पानावर बोट थांबलं, मागे आलं, पुन्हा पुढे गेलं.

"कैलाश, हा मधला गुंगणगुंगण करून राहिला. आवाज येते, पण बोल समजून नाही राहिले."

त्या दिवसापासून माझी दुरुस्ती सुरू झाली. कैलाशने मला काचेच्या कपाटातून बाहेर काढलं, जाळीवरची धूळ ब्रशने झाडली, तारांची टोकं सोलून पुन्हा आवळली. रिमोटने माझा आवाज वाढवला, वूफरचा कमी केला. गोदावरीबाई दाराशी तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "मले तं एक-एक शब्द आयकू येते जी."

"तू दाराशी बसून आहेस. तिथं येत असंल," सेवकरामजी म्हणाले आणि खुर्ची दाराशी नेली. तिथेही बोट अडलं.

मी जीव तोडून बोलत होतो. जसं आत येत होतं तसंच बाहेर देत होतो. 'स' होता तिथे 'स', 'त' होता तिथे 'त'. माझ्यात काही बिघडलं नाही, एवढं एक वाक्य मला सांगायचं होतं. पण मला कोणी बोलायला दिलं तरच बोलता येतं.

चार दिवस राहिले तेव्हा कैलाशने पवनीहून मनिष मिस्त्रीला बोलावलं. मनिषने एकेक तार मीटरवर तपासली, मला समोरच्या भावाच्या जागी जोडून पाहिलं, परत माझ्या जागी आणलं. मग म्हणाला, "काकाजी, आता फक्त याच्यातूनच एक आवाज सोडतो. जाडा सुरू होईल आन् बारीक होत जाईल. कुठं फाटला तं सांगा."

त्याने मोबाईलवरून आवाज सोडला. मी आधी घुमलो, मग चढत गेलो, शेवटी बारीक शिटी झालो. गोदावरीबाईंनी पदर कानाला लावला. कैलाशने तोंड वाकडं केलं. सेवकरामजी गुडघ्यावर हात ठेवून वाट पाहत होते.

"बंद काहून केलं?" त्यांनी विचारलं.

मनिष गडबडला. "बंद नाही केलं काकाजी. सुरूच हाय."

मी तेव्हा पूर्ण जोरात शिटी वाजवत होतो.

सेवकरामजींनी मनिषकडे पाहिलं, मग कैलाशकडे. गोदावरीबाईंच्या कानावरचा पदर पाहिला. बाईंनी तो हळूच खाली घेतला, पण उशीर झाला होता. सेवकरामजींनी पुस्तक मिटलं.

"मधला गेला हाय," ते म्हणाले. "काढून टाका त्याले."

कैलाशचं तोंड उघडलं. गोदावरीबाईंनी त्याच्याकडे एकदाच पाहिलं. "हो जी," त्या म्हणाल्या, "तोच गेला."

मनिषने मान खाली घातली आणि माझ्या तारा सोडल्या. त्याच्या हाताला माझा दोष लागला नव्हता, कारण तो नव्हताच. तरी त्याने मला उलटं करून पाहिलं आणि म्हटलं, "होते असं. जुना झाला की होते."

दुसऱ्या दिवशी सेवकरामजींनी स्वतः घनश्यामना फोन लावला. "मालक, घरचा स्पीकर बिघडला. तालीम झाली नाही. यंदा दुसरा माणूस पाहा." एवढं बोलून त्यांनी उत्तराची वाट न पाहता फोन ठेवला.

कैलाशने दोनदा म्हटलं, "बाबा, भंडाऱ्याले जाऊन कान दाखवू. आता बारीक मशीन भेटते." दोन्ही वेळा सेवकरामजी म्हणाले, "स्पीकर बिघडला होता नं, मंग कान कायले दाखवाचे?" आणि धानाच्या बांधीकडे निघून गेले.

मी आता आलमारीवर पालथा पडून आहे. खाली टीव्ही लागतो. हसण्यासारखं काही आलं की गोदावरीबाई हसतात, आणि त्यांच्याकडे पाहून थोड्या वेळाने सेवकरामजी हसतात. वरून मला दोघं दिसतात.

दोष माझ्या नावावर राहू द्या, त्याचं मला काही नाही. पण कोणी त्या घरी गेलात तर त्यांच्या समोर बसा, तोंड त्यांना दिसेल असं ठेवा आणि हळू बोला. भंडाऱ्याचा विषयही काढून पाहा. मला ते जमलं नाही.