माझ्यावर बांधलेले चेहरे

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी चौकट आहे. इंदापूर तालुक्यातील शेळगावच्या फाट्यावर, एसटी थांब्याच्या अगदी मागे, मी दोन पायांवर उभी आहे. माझी रुंदी बारा फूट आणि उंची आठ फूट. आजवर माझ्यावर जे जे छापून बांधले गेले, त्यापेक्षा ही दोन मापे अधिक खरी आहेत.

मला कचरू नावाच्या वेल्डरने घडवले. त्याने दीड इंची अँगल कापले, चारही कोपरे गुण्यात, म्हणजे काटकोनात, धरले आणि पक्के वेल्डिंग करण्यापूर्वी दोन्ही कर्ण फितीने मोजले. दोन सुतांचा, म्हणजे पाव इंचाचा, फरक निघाला. त्याने वेल्डिंगचे कच्चे टाके तोडले आणि पुन्हा जुळवणी केली.

"कचरूभाऊ, हिला रस्त्यावर उभी करायची हाय," शेजारचा गडी म्हणाला. "दोन सूत कोण बघतंय?"

"मी बघतोय न्हवं," कचरू म्हणाला आणि त्याने फीत पुन्हा लावली.

पहिली नऊ वर्षे माझ्यावर पत्रा होता. त्यावर एसटीच्या वेळा आणि जनावरांच्या लसीकरणाच्या तारखा रंगवलेल्या होत्या. माझे कौतुक कोणी केले नाही. परंतु माझ्यावरचे वाचून माणसे वेळेवर येत, आणि वेळेवर आलेला माणूस हेच माझे कौतुक होते. पुढे पत्रा गंजला, तो काढला गेला आणि फ्लेक्सचे युग आले.

त्यानंतर माझ्यावर जे बांधले गेले, त्यापुढे मला माझ्या गंजाचीही लाज वाटत नाही. काळा चष्मा घातलेले चेहरे. कानाला फोन लावलेले चेहरे, जणू पलीकडून दिल्लीच बोलत आहे. प्रत्येक जण 'भावी' काहीतरी. मी पंधरा वर्षांत किमान चाळीस भावी माणसे अंगावर वागवली. त्यांतील एकही त्या 'भावी'च्या पलीकडे गेलेला मला आढळला नाही. खालच्या पट्टीत अंगठ्याएवढ्या चेहऱ्यांची रांग असते. त्यांना शुभेच्छुक म्हणतात. आपला अंगठा शेजारच्या अंगठ्यापेक्षा लहान छापला गेला म्हणून दोन सख्ख्या चुलतभावांनी एकमेकांच्या घरचे जेवण सोडले, हे मी याच फाट्यावर ऐकले आहे.

असो. मला उत्कर्षाची हकीकत सांगायची आहे.

उत्कर्षा ही ऊस बागायतदार आप्पासाहेबांची मुलगी. रसायनशास्त्राची पदवी घेऊन तिने बारामतीच्या अभ्यासिकेत चार वर्षे फौजदाराच्या परीक्षेचा अभ्यास केला. लेखी झाली, मैदानी झाली आणि मुलाखतीला पात्र ठरलेल्यांच्या यादीत तिचे नाव आले. मुलाखत व्हायची होती, अंतिम निकाल लागायचा होता. परंतु आमच्याकडे यादी शेवटपर्यंत वाचण्याची पद्धत नाही. नाव दिसले की गुलाल आणतात.

गावचा तरुण पुढारी विजयसिंह याने त्याच दिवशी फ्लेक्स छापून घेतला. उत्कर्षाच्या चेहऱ्याखाली दुसऱ्याच कोणाचा तरी खाकी गणवेश जोडला होता, खांद्यावर दोन तारे. 'फौजदारपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' खालच्या पट्टीत अठरा अंगठे. त्यांत पहिला विजयसिंहाचा आणि शेवटचा, फेटा बांधलेला, आप्पासाहेबांचा.

ती एसटीतून उतरली आणि माझ्यासमोर थबकली.

"विजूदादा, हे काय? मुलाखत राहिलीय अजून."

"मुलाखत म्हंजे चहापाणी असतंय गं. बस जीपमधी, डीजे सांगितलाय."

"आप्पा, तुम्ही तरी सांगायचं ना."

आप्पासाहेबांनी फेटा सावरला. "पोरांनी हौसनं केलंय. न्हाय कसं म्हणू?"

मिरवणूक निघाली. तीन महिन्यांनी अंतिम निकाल लागला आणि त्यात तिचे नाव नव्हते. ज्यांनी फ्लेक्स बांधला होता, त्यांपैकी तो सोडायला एकही आला नाही. बांधायला अठरा हात लागतात. सोडायची जबाबदारी वाऱ्यावर टाकतात. माझे सांधे पक्के आणि तारांच्या गाठी घट्ट असल्याने वाऱ्यालाही ते जमले नाही. थांब्यावरची टवाळ माणसे मात्र तिला पाहून सलाम ठोकू लागली.

याच सुमारास उत्कर्षाला बारामतीत माती-पाणी तपासणाऱ्या एका छोट्या प्रयोगशाळेत काम मिळाले. महिनाभर उमेदवारी करून ती परतली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर चार वर्षांत न दिसलेली स्वस्थता होती. तिला ते काम मनापासून आवडले होते. अडचण एकच होती. रोज सकाळी सात-चाळीसच्या गाडीसाठी तिला माझ्यापुढे, स्वतःच्याच खोट्या गणवेशाखाली, उभे राहावे लागणार होते.

आप्पासाहेबांनी तर फाट्यावर येणेच सोडले होते. एकदा नाइलाजाने तिला सोडायला आले, तेव्हा दोघांत जे बोलणे झाले ते मी ऐकले.

"अजून एकदा परीक्षा दे. फलकावर फौजदार अन् खाली मातीच्या पुड्या, लोक हसत्यात."

"आप्पा, मला ते काम आवडतंय. फलकासाठी आणखी दोन वर्षं घालवू?"

आप्पासाहेब मोटरसायकल वळवून निघून गेले.

तिने विजयसिंहाला फ्लेक्स उतरवायला सांगितले. तो म्हणाला, "यात्रेपर्यंत राहू दे की. पुढच्या वर्षी हुशीलच तू."

"माझा चेहरा आहे तो, दादा."

"व्हय, पण खाली आमचे बी हायत न्हवं."

मित्रांनो, हे वाक्य नीट ऐका. एका मुलीची रोजची सकाळ एका पारड्यात आणि अंगठ्याएवढा आपला फोटो दुसऱ्या पारड्यात. आणि या गृहस्थाला फोटो जड वाटला. अशा माणसाला लोक यशस्वी म्हणतात.

पुढच्या सोमवारी ती गाडीच्या अर्धा तास आधी आली. पिशवीतून पक्कड काढली आणि माझ्या आडव्या पट्टीवर पाय देऊन चढली. थांब्यावर दहा-बारा माणसे होती. डाव्या बाजूच्या तारा तिने एकेक करून तोडल्या. फ्लेक्स अर्धा लोंबू लागला, तेवढ्यात कोणीतरी फोन केल्यामुळे आप्पासाहेब घाईघाईने आले.

"उतर खाली. लोक बघत्यात."

"बघू द्या. मिरवणूक बघितली, हे बी बघू द्या."

"अगं, माझी मान खाली जाती."

ती वरूनच म्हणाली, "आप्पा, मी नापास झाले त्या दिवशी तुमची मान खाली गेली नाही. हे खोटं टांगून ठेवलं, त्यानं गेली."

आप्पासाहेबांनी हात पुढे केला. "पक्कड दे. उजवीकडची गाठ मीच मारल्याली हाय, तुला सुटायची न्हाय."

ती गाठ त्यांनी सोडली. फ्लेक्स खाली आला. अठरा शुभेच्छुक धुळीत पालथे पडले आणि त्यांना उचलायला कोणी वाकले नाही. माझ्यातून पलीकडचा ऊस दिसू लागला.

थांब्यावरच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारले, "ताई, मंग तुमी फौजदार न्हाय व्हय?"

"न्हाय बाबा. मी माती तपासते. तुमच्या रानातली आणा. पाच-सहा ठिकाणी वीतभर खोल खणायचं, सगळी एकत्र करायची अन् अर्धा किलो सावलीत वाळवून द्यायची. उन्हात न्हाय."

"सावलीत," म्हाताऱ्याने मान डोलावली. गाडी आली आणि ती चढली. आप्पासाहेब गाडी दिसेनाशी होईपर्यंत थांब्यावर, सर्वांच्या देखत, उभे होते.

मित्रांनो, माझ्या सांध्यांना गंज चढला आहे. वर्षातून एकदा तो पॉलिशपेपरने घासा आणि मला लाल प्रायमरचा एक हात द्या. एवढी काळजी मला पुरेशी आहे. दुसरी विनंती तुमच्या स्वतःसाठी आहे. मोठे झाल्यावर कोणाचा चेहरा माझ्यावर बांधायची हौस आली, तर आधी त्या माणसाकडे जा आणि त्याला हे हवे आहे का, ते विचारा. तो 'नको' म्हणाला, तर मला रिकामी राहू द्या. रिकामी असताना मी फार बरी दिसते.