पायरीपर्यंतचा उजेड

"आबा, तार एकदा कापली की कापली बरं का," गाडीच्या दाराशी उभा राहून संदीप म्हणाला.

रंगनाथ भिंगारदिवे फियाटच्या स्टिअरिंगखाली उताणे पडले होते. पाय दाराबाहेर, चष्मा कपाळावर आणि दातांत काळ्या चिकटपट्टीचा तुकडा. तो काढून ते म्हणाले, "जल्मभर रनगाड्याच्या तारा कापल्या मी. तवा सरकार घाबरलं न्हाई, अन् तू काय घाबरतो?"

"सरकारकडं दुसरे रनगाडे हुते. माझ्याकडं ही एकच हाय."

समोरच्या ओट्यावर गहू निवडत बसलेल्या पुष्पावतीला हसू आवरेना. "भाऊ, तोफ बसवताय का काय तिच्यावर?"

भिंगारच्या त्या गल्लीत आलेली ती पहिली मोटार. रंगनाथच्या मुलाने, संदीपने, टेलिफोन खात्यातल्या नोकरीवर ती जुनी घेतली, तेव्हा सगळ्या गल्लीने तिला हात लावून पाहिला होता. रंगनाथ लष्कराच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. रणगाड्यांची वीजजोडणी हे त्यांचं काम. पण तिथलं काही बाहेर बोलायचं नाही असा दंडक, त्यामुळे आपला बाप नेमकं काय करतो हे पोरांनाही कधी धड कळलं नाही. गल्लीच्या लेखी ते 'लायटीतले' होते, एवढंच.

आज ते गाडीत काय बसवत होते, हे त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं होतं. किल्ली काढली की दिवे लगेच विझतात आणि संदीपला दाराचं कुलूप दिसत नाही. म्हणून मध्ये एक रिले बसवायचा. किल्ली काढल्यावरही तो थोडा वेळ दिवे धरून ठेवतो आणि मग आपणच सोडून देतो.

कुलपाची गोष्ट खोटी होती. कारण होतं ते पायरीवर मेथी निवडत बसलं होतं.

रंगनाथच्या बायकोला, लंकाबाईंना, दिवेलागणीनंतर दिसेनासं झालं होतं. डोळ्यांची शीर सुकत चालली आहे, गेलेली नजर परत यायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते ऐकून लंकाबाईंनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "बरं." घरी आल्यावर त्यांनी एकच ताकीद दिली, "गल्लीत बोलायचं न्हाई."

ऐन उमेदीत ही बाई पहाटेच्या अंधारात भाजीची पाटी डोक्यावर घेऊन भिंगारवरून नगरच्या बाजारात चालत जायची. पाटीला हात लावायची नाही. दोन्ही हात मोकळे सोडून, मान ताठ. तिला आता कोणी दंडाला धरलं तर कसं चालेल? रंगनाथनी एकदा बॅटरी धरली, तर त्या फिस्कारल्या, "मी काय आंधळी हाय?" संदीप दिवे चालू ठेवून गाडीतच बसला, तर, "उतर की खाली! कुनाची वाट बघतो?"

दर रविवारी संध्याकाळी सगळे गाडीने विहारात वंदनेला जात. परतल्यावर गाडीपासून दारापर्यंत गटारावरची एक फरशी आणि तीन पायऱ्या, एवढंच चालायचं होतं. दारावर बल्ब होता. पण तो समोरून डोळ्यांवर येई आणि पायऱ्या आणखीच काळ्या होत. मागच्या महिन्यात फरशीवरून त्यांचा पाय घसरला. नडगी सोलून निघाली. "कुत्रं आडवं आलं," असं त्यांनी पुष्पावतीला सांगितलं. त्या रविवारपासून मात्र त्यांचे गुडघे दुखायला लागले. विहार बंद, लग्नकार्य बंद. दुपारीच बाहेरची सगळी कामं उरकून त्या घरात बसू लागल्या.

घरात बसलेली लंका रंगनाथना बघवेना.

"लाव आता किल्ली," ते म्हणाले.

संदीपने किल्ली फिरवली, दिव्यांचं बटण दाबलं. गल्ली कान देऊन उभी राहिली. रिलेचा टक् आवाज व्हायला हवा होता. झाला नाही. दिवेही लागले नाहीत.

रंगनाथनी सगळी जोडणी पुन्हा तपासली. घाम पुसला. मग जुन्या पेटीतून आणलेला तो रिले त्यांनी हातात घेतला, चष्मा नाकावर ओढला आणि त्याच्यावरचा आकडा वाचला.

"चोवीसचा हाय," ते पुटपुटले.

रणगाड्यात चोवीस व्होल्ट, मोटारीत बारा. उभा जन्म चोवीसात गेलेल्या माणसाच्या हाताने पेटीतून चोवीसचाच रिले उचलला होता. बाराने तो जागचा हलणार कसा?

"म्हंजी भाऊ, गाडीला रनगाडा पेलवला न्हाई म्हना!" पुष्पावती म्हणाली. सगळे हसले. रंगनाथही हसले, पण रात्री त्यांना जेवण गेलं नाही. आपल्याला खरंच काही येत होतं का, की आपण नुसते सांगितलेल्या ठिकाणी तारा जोडत होतो, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

भाकरी वाढताना लंकाबाई एवढंच म्हणाल्या, "उद्या दुसरा आना. एका डबीनं हार मानता व्हय?"

दुसऱ्या दिवशी ते नगरच्या स्टेशन रोडवरून बाराचा रिले घेऊन आले. या वेळी टक् आवाज झाला, अगदी स्वच्छ. उजेड किती वेळ थांबवायचा हे ठरवणारा एक बारीक स्क्रू त्यांनी डॅशबोर्डच्या खाली, हाताला लागेल असा ठेवला.

रविवारी ते म्हणाले, "चल विहारात. गाडीचं काम कसं झालंय ते तर बघ."

"गुडघे दुखत्यात."

"गाडीत गुडघे काय करत्यात?"

लंकाबाई उठल्या.

परतताना अंधार पडला होता. संदीपने दिवे पायऱ्यांवर येतील अशी गाडी लावली, किल्ली काढली आणि खाली उतरून दार लावलं. उजेड तसाच होता. फरशी, तिच्या कडा, तिन्ही पायऱ्या, सगळं लख्ख. लंकाबाईंनी पाऊल टाकलं.

तेवढ्यात समोरून पुष्पावती ओरडली, "अवो संदीपभाऊ, लाईट चालूच ऱ्हायली! बॅटरी उतरंल की!"

दोन-तीन दारं उघडली. पोरं धावली. लंकाबाई फरशीच्या मधोमध थबकल्या. आता सगळ्यांच्या नजरा तिच्या पायांवर येणार.

"ऱ्हाऊ द्या!" रंगनाथ मोठ्याने म्हणाले. एवढ्या मोठ्याने ते गल्लीत कधी बोलले नव्हते. "इकडं बघा, दिव्याकडं! त्यो आपला आपन विझतो!"

सगळी गल्ली दिव्याकडे बघू लागली. पाठीमागे लंकाबाई एकेक पायरी चढून गेल्या. त्यांचा हात चौकटीला लागला, आणि टक्. दिवे विझले.

पोरांनी टाळ्या पिटल्या. "परत करा, आबा, परत!" पुष्पावती तोंडावर हात ठेवून म्हणाली, "अग्गं बया! कुनी हात बी लावला न्हाई!"

"आमच्या आबांनी केलंय," संदीप म्हणाला. त्याच्या आवाजात असं काही होतं की रंगनाथ उगाच बॉनेट पुसायला लागले. रणगाड्यातली त्यांची एकही जोडणी कधी घरच्यांनी पाहिली नव्हती. आज गल्ली टाळ्या वाजवत होती.

त्यानंतर पोरं दर रविवारी दिवा विझताना बघायला जमू लागली. लंकाबाईंकडे कोणी बघत नसे. त्यांचे गुडघे बरे झाले. भाचीच्या लग्नालाही त्या संगमनेरला जाऊन आल्या.

हळूहळू पोरांना दिव्याचं नवल उरलं नाही. फरशी ओलांडायला लंकाबाईंना आता आधीपेक्षा वेळ लागे. रंगनाथ ते बघत. मग एखाद्या सकाळी, त्या नळावर असताना, गाडी पुसायच्या निमित्ताने आत वाकून तो बारीक स्क्रू किंचित पिळत.

पुढच्या साली वैशाखातल्या पौर्णिमेला विहारातून परतायला उशीर झाला. ढग आले होते आणि वीज गेलेली होती. लंकाबाईंनी पायाने चाचपून फरशी ओलांडली. पहिली पायरी चढल्या. दुसरीवर पाऊल ठेवलं आणि टक्. काळोख.

रंगनाथ पुढे धावणार, तोच वरून आवाज आला.

"अवो."

"काय गं?"

"आज उजेड थोडका पडला. उद्या स्क्रू पिळाल तवा जरा जास्त पिळा."

रंगनाथ जागीच उभे राहिले. "तुला कुनी सांगितलं?"

"सकाळी तुमी गाडीत वाकता, अन् संध्याकाळी उजेड लांबतो. मी काय आंधळी हाय?"

आणि भिंतीला हात न लावता, दोन्ही हात मोकळे सोडून, डोक्यावर भरली पाटी असल्यासारखी मान ताठ ठेवून लंकाबाई तिसरी पायरी चढल्या.