लांबलेली टेप

शिंप्याला पोटांची किळस होती. बावीस वर्षं तो लोकांच्या कमरेला टेप लावत आला होता. घामट बनियन, पट्ट्यावरून ओघळलेली चरबी, आणि वर श्वास ओढून पोट लपवायची नाटकं. "श्वास सोडा," तो तोंडावर सांगायचा. गिऱ्हाईक गेलं की बायकोकडे बघून म्हणायचा, खातात काय मेले, लाज म्हणून नाही. स्वतःची कंबर तो दर महिन्याला मोजायचा. पस्तीस. लग्नात बत्तीस होती, म्हणजे फार काही बिघडलं नव्हतं.

जिना चढताना पोटरीत गोळे यायला लागले, तेव्हा बायकोने त्याला धरूनच दवाखान्यात नेलं. नर्सने कमरेला टेप लावली आणि कागदावर अडतीस लिहिलं. शिंप्याचं डोकंच फिरलं.

"माप घेणं माझा धंदा आहे, बाई. तुमची टेप खोटी आहे."

नर्सने पुन्हा मोजलं. अडतीसच.

डॉक्टरांना या वादात रस नव्हता. साखर वाढलेली, रक्तदाब वाढलेला, रक्तातली चरबी वाढलेली, आणि सोनोग्राफीत मानेतल्या रक्तवाहिनीला आतून थर धरू लागलेला. आत्ता आवरलंत तर थांबेल, ते म्हणाले, नाहीतर एक दिवस अर्धं अंग जाईल. उजवा हात लुळा पडला तर कात्री कोण धरणार, हे शिंप्याला कुणी समजावायला नको होतं. तरी त्याने गोळ्यांची चिठ्ठी खिशात कोंबली. ज्यांना साधी कंबर मोजता येत नाही, ते रक्त काय मोजणार?

दुकानात येताच बायकोला पुरावा दाखवायला त्याने आपली टेप लोखंडी पट्टीवर पसरली. एरवी ती पट्टी फक्त सरळ रेघा मारायला लागायची. पट्टी छत्तीस इंचांवर संपली, तिथे टेप तेहेतीस सांगत होती. ओढून ओढून ती लांबली होती. इतक्या वर्षांत कुणाची तक्रार नव्हती, कारण अंगाचं माप आणि कापड, दोन्ही त्याच टेपने मोजलं जायचं. पँट बरोबर बसायची. आकडा तेवढा खोटा होता.

तो आरशासमोर गेला आणि शर्ट वर केला. ज्या पोटांना आयुष्यभर नाकं मुरडली, तेच पोट समोर लोंबत होतं, घामेजलेलं, पट्ट्याचा लाल वळ उमटलेलं. त्याला स्वतःची शिसारी आली.

बायकोने खणातून कोरी टेप काढली आणि त्याच्या कमरेभोवती घेतली. तो सवयीने ताठ झाला, दवाखान्यात झाला होता तसाच.

"श्वास सोडा," ती म्हणाली.

त्याने सोडला. पोट टेपवर सांडलं. आकडा तिने वाचला नाही. त्यानेच मान वाकवून वाचला, "एकोणचाळीस." मग खिशातली चुरगळलेली चिठ्ठी काढून तिच्या हातावर ठेवली.