दोन जादा पाटे

मित्रांनो, मला शेवटी दोन जादा पाटे बसवले आणि सगळे सुखरूप पार पडले. हे वाक्य तुम्ही वाचलेच नाही असे समजा. पाटे अजून नौपाड्यात, उत्तम मिस्त्रीच्या गॅरेजात भिंतीला टेकून उभे आहेत आणि माझा मालक काळुराम त्यांच्याकडे पाहत बिडी ओढतो आहे.

मी एक जुना, छोटा ट्रक आहे. लढाई संपल्यावर लष्कराला मी नकोसा झालो आणि लिलावातून कोलशेतला आलो. माझा जन्म दारूगोळा वाहायला झाला होता. मी मीठ वाहिले. मला कोणी विचारले नाही, पण विचारले असते तर मी मीठच सांगितले असते. त्याचा स्फोट होत नाही.

माझ्या पोटाखाली, चाकांच्या वर, पोलादी पट्ट्यांची जुडी असते. त्या पट्ट्यांना पाटे म्हणतात. रस्त्याचे धक्के ते स्वतः खातात, म्हणून वर बसणाऱ्याच्या वाट्याला कमी येतात. त्या उन्हाळ्यात मिठागरातून ठाणे स्टेशनकडे जाताना माझा एक पाटा मोडला. मी एका कुशीवर कललो आणि मीठ गटारात गेले. मुकादम म्हणाला, "काळुराम, जादा पाटे बसवून ये. नाहीतर मीठ दुसऱ्याच्या गाडीत."

उत्तम मिस्त्रीलाही तेच वाटत होते. "दोन जादा टाक. डोंगर भरलास तरी वाकणार नाही."

"आनि गाडी रिकामी असली तं?"

"मग उडेल. बकरीसारखी."

इथे काळुराम अडला. कारण त्याच आठवड्यात त्याला लेकीला, गोदाला, दिवा गावच्या सासरहून बाळंतपणासाठी आणायचे होते. आदल्या वर्षी तिचे मूल पोटातच गेले होते. या खेपेला डॉक्टरांनी बजावले होते, धक्का बसता कामा नये. आगगाडी होती. पण घरची गाडी असताना पोरीला तिकीट काढून आणायचे, तर गाडी पोसायची कशाला, असे काळुरामचे मत होते.

घरी त्याच्या बायकोने, बायजाने, सगळे ऐकून घेतले. भाकरी उलटताना ती म्हणाली, "मंग मीठ भरून जा ना. भरलेली गाडी कुठं उडते?"

काळुरामने पुढ्यातली भाकरी मोडली. मग म्हणाला, "मी तेच बोलनार होतो."

पाटे बसले. काळुरामने घरच्या वाट्याचे मीठ माझ्यात भरले आणि आम्ही निघालो. मी असा चाललो की मलाच माझी ओळख पटेना.

दिव्याला व्याही भिवा याने काळुरामला हाताला धरून आत नेले. व्याह्याकडे कोणी रिकाम्या हाताने जात नाही, हे तिथल्या लहान पोरालाही ठाऊक. त्यामुळे चहा होईपर्यंत भिवाच्या भावांनी माझ्यातल्या सगळ्या गोण्या उतरवून पडवीत रचल्या.

भिवाने हात जोडले. "दादा, एवढं मीठ! आमच्या नातवंडांच्या लोनच्यालाबी पुरेल."

दिलेली वस्तू परत मागता येत नाही. न दिलेली मागणे त्याहून अवघड. काळुराम हसला, ते हसू फार बरे नव्हते.

तेवढ्यात गोदा गाठोडे घेऊन आली. ती माझ्याच अंगाखांद्यावर वाढलेली. तिने माझी रिकामी पाठ पाहिली, मागून वाकून पाटे पाहिले आणि पोटावर हात ठेवला. "बा, मी नाय बसनार."

मग काळुरामला खरे सांगावे लागले. खाली बघत सांगितले. भिवाने मिठाकडे पाहिले, सुनेकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले.

"वजनच पायजे ना? मंग मीठ कशाला? आमी काय कापसाचे हाव?"

अख्खी आळी माझ्यात चढली. त्यांतली सखुबाई अंगाने काटकुळी होती, म्हणून ती मांडीवर दगडी जाते घेऊन बसली. कळव्याच्या पुलाअलीकडे एकाला तंबाखू आणायला उतरायचे होते. काळुराम ओरडला, "बस खाली! तू उतरलास का पोरीला धक्का!" तो बसला. त्याने श्वासही बेताने सोडला.

रस्ता कसा होता ते सांगत नाही. प्रत्येक खड्ड्यात मी एखाद्या वडीलधाऱ्यासारखा सावकाश बसलो आणि सावकाश उठलो. मुंब्र्यालाच गोदा झोपली होती. ती कोलशेतला जागी झाली.

पुढे तिला मुलगी झाली. मुलगी रडली तेव्हा काळुराम बाहेर येऊन माझ्या बॉनेटवर डोके टेकून उभा राहिला. दिव्याची मंडळी दोन दिवस जेवून आगगाडीने परत गेली होती. उत्तम मिस्त्री अजून गिऱ्हाइकांना सांगतो की त्याचे पाटे लोण्यासारखे मऊ आहेत.

आता मी मिठागराच्या कडेला उभा असतो. खाऱ्या वाऱ्याने पाटे एकमेकांना चिकटले आहेत. मित्रांनो, ज्याने तुमचे धक्के खाल्ले त्याला कधीतरी तेल घाला.

करिता सर्व संबंधित अधिकाऱ्यांस सविनय विनंती की, माझ्या कागदपत्रांत 'पाटे' या शब्दापुढे श्री. भिवा, सखुबाई (जात्यासह) व आळीतील समस्त मंडळी यांची नोंद व्हावी, आणि दर पावसाळ्यापूर्वी सरकारी खर्चाने त्यांच्या गुडघ्यांना तेल लावले जावे. कळावे.