बाईंना पहिला प्रश्न

दर रविवारी गाईडबाई लोकांना शहरातल्या जुन्या इमारती दाखवायच्या. लोक यायचे, पण मिठाची गुळणी धरून उभे राहायचे. म्हणून बाईंचे यजमान कुणी परका असल्यासारखे घोळक्यात मिसळायचे आणि पहिल्याच ठिकाणी, जुन्या पाण्याच्या टाकीपाशी, अगदी भोळा चेहरा करून विचारायचे, "बाई, ही बांधली कुणी?" मग इतरांनाही कंठ फुटायचा.

आज मात्र टाकीपाशी चिटपाखरूही फिरकलं नाही. बाईंचा चेहरा एवढासा झाला.

"चला, घरी जाऊ," त्या यजमानांना म्हणाल्या.

यजमान जागचे हलले नाहीत. मान वर करून ते टाकीकडे बघत राहिले.

"बाई, ही बांधली कुणी?"

बाई घसा खाकरून नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "सगळ्यांनी जरा जवळ या."